थांबलेली लाइन

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त होता. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ मध्ये. मूळ खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास धरलेला, तो वाढत वाढत चार हजार आठशे कोटींच्या घरात गेला. या मार्गासाठी दिल्लीत वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे गोपीनाथराव मुंडे ही गाडी पाहायला राहिले नाहीत. आणि त्या दिवशीसुद्धा परळीपर्यंतचा टप्पा बाकीच होता.

त्यानंतर नऊ दिवसांनी, २६ सप्टेंबरला, चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांनी शेवटची सलामी दिली. १९६३ मध्ये याच चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनसोबत हे विमान भारतीय हवाई दलात आलं होतं. म्हणजे बासष्ट वर्षं. मिग-२१ गेलं आणि हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनांची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये सोळा ते अठरा विमानं धरली, तर तूट दोनशेच्या वर जाते.

या दोन बातम्या बीडच्या वाचकाने शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात असं मला वाटतं. मंजुरी आणि प्रत्यक्ष काम यांच्यामधला काळ म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. एका पिढीने भूमिपूजन पाहिलं आणि पुढच्या पिढीने गाडी पाहिली. लढाऊ विमानांच्या बाबतीतही देशाचं हेच झालं आहे. फरक एवढाच की रेल्वे उशिरा आली तर जिल्हा मागे पडतो. विमान उशिरा आलं तर समोरचा देश तेवढा पुढे गेलेला असतो, आणि ती तफावत कधीतरी वैमानिकाच्या जिवावर बेतते.

हवेतली ताकद एकाच बाजूला असली की काय होतं, हे आपल्या मराठवाड्याने स्वतः पाहिलं आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये बीड निजामाच्या राज्यात होतं. निजामाकडे सैन्य होतं, रझाकार होते, सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरट्या मार्गाने विमानांतून शस्त्रंही आणून देत होता. पण लढाऊ विमानं नव्हती. १३ तारखेला पोलीस कारवाई सुरू झाली, भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले, आणि पाच दिवसांत सगळं संपलं. निजामाच्या पराभवाची कारणं अनेक होती, पण डोक्यावरचं आकाश आपलं नाही हे कळल्यावर जमिनीवरचं सैन्य फार टिकत नाही, हे त्यातलं एक.

*

बीडहून अहिल्यानगर, तिथून सिन्नर, नाशिक आणि मग मुंबई-आग्रा रस्त्यावर ओझर. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता. निफाड तालुक्यातलं हे गाव नाशिक परिसरात ‘ओझर मिग’ म्हणूनच ओळखलं जातं. जुन्नरजवळच्या गणपतीच्या ओझरपेक्षा वेगळं कळावं म्हणून. भोवती द्राक्षबागा, आणि मधे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा म्हणजे एचएएलचा कारखाना, त्याची वसाहत, धावपट्टी आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. लढाऊ विमानांचा ताफा आधुनिक करणं म्हणजे नेमकं काय, याचं महाराष्ट्रातलं उत्तर इथे आहे, आणि खरं तर देशातलंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

हा कारखाना प्रतिस्पर्ध्यामुळे जन्माला आला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ स्टारफायटर विमानं दिली. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं ते विमान; आपल्याकडे तेव्हा त्या तोडीचं काही नव्हतं. भारताने ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाशी मिग-२१ चा करार केला. नुसती विमानं घ्यायची नव्हती, ती इथे बांधायचीही होती. त्यानंतर दोन महिन्यांत चीनचं युद्ध झालं, कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिगचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. नाशिकच्या वाट्याला हे काम येण्यात यशवंतरावांचा मोठा वाटा मानला जातो.

सुरुवातीला रशियातून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. मग मोठे भाग इथे बनू लागले, आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथेच घडवलेलं पहिलं मिग हवाई दलाच्या हाती गेलं. पुढच्याच वर्षी युद्ध झालं. डिसेंबर १९७१ मध्ये मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागली आणि पश्चिम सीमेवर त्याच एफ-१०४ विमानांना पाडलं, ज्यांच्या धास्तीने हा कारखाना उभा राहिला होता. करार ते विजय, नऊ वर्षं. आज मागे वळून पाहिलं तर हा वेग विलक्षण वाटतो. नवं गाव, नवा कारखाना, परकी भाषेतली रेखाचित्रं, हाताशी अनुभव नाही. तरी नऊ वर्षं.

ओझरने पुढच्या काळात मिग-२१ च्या तीन पिढ्या मिळून पाचशेहून अधिक विमानं बांधली. ऐंशीच्या दशकात जमिनीवर हल्ला करणारं मिग-२७ आलं, ती १६५ बांधली. त्यांतलं शेवटचं मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला निवृत्त झालं.

मग पुन्हा तोच क्रम. १९८१ मध्ये पाकिस्तान-अमेरिका करार झाला आणि १९८३ पासून एफ-१६ पाकिस्तानात उतरू लागली. भारताने उत्तर म्हणून मिग-२९ घेतलं आणि १९८७ मध्ये ते आलं पुण्याच्या लोहगावला. १९९६ मध्ये सुखोई-३० चा करार झाला, १९९७ मध्ये पहिली सुखोई लोहगावलाच उतरली, आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या उपस्थितीत खास भारतासाठी घडवलेली सुखोई-३० एमकेआय तिथेच ताफ्यात आली. त्याआधी २००० च्या अखेरीस १४० सुखोई ओझरला बांधायचा परवाना घेतला गेला होता. नोव्हेंबर २००४ मध्ये ओझरची पहिली सुखोई हवाई दलाला मिळाली. एकूण २७२ सुखोईंपैकी २२२ इथे बांधल्या गेल्या. देशाच्या लढाऊ ताफ्याचा कणा आज याच विमानाचा आहे, आणि तो कणा निफाड तालुक्यात घडला आहे.

या इतिहासात एक गोष्ट मला सतत टोचत राहते. समोरच्याने घेतलं की आपण घेतलं. एफ-१०४ ला मिग-२१, एफ-१६ ला मिग-२९. आपण स्वतः पहिलं पाऊल टाकून समोरच्याला धावायला लावलं, असं फार थोड्या वेळा घडलं आहे. धावत पल्ला गाठणाऱ्याला विचार करायला उसंत मिळत नाही. जे तयार आहे ते घ्यावं लागतं. परवान्याखाली बांधताना हात शिकतात. विमान मुळातून आखायचं कसं, ते मात्र परवाना शिकवत नाही.

*

मिग-२१ बद्दल ओझरच्या कौतुकात लिहिताना दुसरी बाजू लपवता येणार नाही. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२ मध्ये संसदेत सांगितलं की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले.

त्यांतला एक होता फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडहून उड्डाण केलेलं त्याचं मिग-२१ काही क्षणांतच कोसळलं. दोष त्याच्या माथी आला. आई कविता गाडगीळ आणि हवाई दलातच वैमानिक राहिलेले वडील अनिल गाडगीळ यांनी हे मान्य केलं नाही. मुलाच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी, आणि त्याहून अधिक म्हणजे तरुण वैमानिकांना योग्य प्रशिक्षण विमान मिळावं म्हणून ही दोघं वर्षानुवर्षं लढली. पुढे हवाई दलप्रमुखांनी पत्र पाठवून त्यांच्या मुलाची बाजू मान्य केली.

गाडगीळ कुटुंबाचा प्रश्न अगदी साधा होता. हळू उडणाऱ्या प्रशिक्षण विमानातून उतरवून मुलाला थेट तासाला तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकणाऱ्या एका इंजिनाच्या मिगमध्ये बसवायचं, मधली पायरी नाही, हे कसं चालेल? त्या मधल्या पायरीसाठी, प्रगत जेट प्रशिक्षण विमानासाठी, ऐंशीच्या दशकापासून चर्चा चालू होती. ब्रिटिश हॉक विमानाचा करार झाला २००४ मध्ये. वीस वर्षं फाइल फिरत राहिली. त्या वीस वर्षांची किंमत संरक्षण खात्याच्या कोणत्याही ताळेबंदात नाही. गाडगीळांच्या घरात आहे, आणि तशाच कितीतरी घरांत आहे.

मिग-२१ वाईट विमान होतं म्हणून माणसं मेली, असं म्हणणं अन्याय ठरेल. १९७१ मध्ये ते उत्तम होतं. त्याची जागा घ्यायला तेजस वेळेवर आलं नाही म्हणून ते नव्वदीत, दोन हजारांत, दोन हजार वीसमध्येही उडत राहिलं. तेजसच्या, म्हणजे देशी हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६. बीडची रेल्वे या हिशेबात लवकर आली म्हणायची.

*

आता ओझरच्या शेडमध्ये प्रत्यक्ष काय चालतं त्याकडे वळू, कारण वर्तमानपत्रांत नव्या खरेदीच्या बातम्या येतात आणि हे काम दिसत नाही.

लढाऊ विमान ठरावीक उड्डाणतास किंवा ठरावीक वर्षं झाली की ओव्हरहॉलला येतं. सुखोई म्हणजे जवळपास बावीस मीटर लांब, पंखांसकट पावणेपंधरा मीटर रुंद, भरल्यावर ३८ टनांचं विमान. ते आलं की इंधन काढतात, रंग उतरवतात, इंजिन बाहेर काढतात, पंखांचे भाग, शेपटीचे भाग, चाकं, नळ्या, वायरिंगचे जुडगे, सगळं सोडवतात. मग सांगाड्याचा कोपरान्‌कोपरा तपासतात. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला क्ष-किरण, अल्ट्रासाउंड, विजेच्या भोवऱ्याचे प्रवाह, भेगेत शिरून चमकणारा रंग, अशा पद्धती वापरतात. समुद्राकाठच्या तळावर राहिलेल्या विमानाला गंज वेगळा असतो, वाळवंटातल्या विमानात धूळ वेगळी शिरलेली असते. दोन विमानं कधी सारखी येत नाहीत. प्रत्येक नटाची, प्रत्येक नळीची नोंद ठेवावी लागते, कारण पुढे आकाशात काही झालं तर शोध त्या सहीपर्यंत येतो. सगळं जोडून झालं की जमिनीवर चाचण्या, मग चाचणी वैमानिक ते उडवून पाहतो.

ओझरला हे काम दोन ठिकाणी होतं. एक एचएएलच्या कारखान्यात, दुसरं हवाई दलाच्या ११ बेस रिपेअर डेपोत. सत्तरच्या दशकात उभा राहिलेला हा डेपो म्हणजे लढाऊ विमानांचं हवाई दलाचं स्वतःचं दुरुस्ती केंद्र. मिग-२९ विमानं आधुनिक करण्याचा करार मार्च २००८ मध्ये झाला. पहिली काही विमानं रशियात तयार झाली आणि उरलेल्यांचं काम या डेपोने केलं. पाठीवर जादा इंधनाची टाकी, नवं रडार, हवेत इंधन घेण्याची नळी, काचेचे पडदे असलेली नवी कॉकपिट. १९८७ मध्ये आलेलं विमान अशा रीतीने आणखी एक पिढी जगलं.

त्याआधी मिग-२१ चं असंच आधुनिकीकरण होऊन त्याचं ‘बायसन’ झालं. १९९६ मध्ये १२५ विमानांचा करार झाला, पहिली दोन रशियात, बाकी सगळी ओझरला. जुन्या सांगाड्यात नवं रडार, हेल्मेटमधून नेम धरण्याची सोय, दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रं. २००४ मध्ये ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात अमेरिकन वैमानिकांनी या जुन्या विमानाची दखल घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीत वैमानिक अभिनंदन वर्धमान ज्या विमानात होते तेही बायसनच.

या बायसनच्या कामाचं आणखी एक महत्त्व आहे, आणि माझ्या या लेखाचा गाभा तिथे आहे. नव्वदीच्या मध्यावर मिग-२७ ची लाइन संपली. सुखोईची लाइन सुरू व्हायला २००४ उजाडलं. मधल्या काळात ओझरचे हात रिकामे राहिले असते, तर पुढे सुखोई बांधता आली नसती. बायसनने ते हात कामात ठेवले. रिव्हेट मारणारा, वायरिंग ओढणारा, जिगवर सांगाडा बसवणारा कारागीर पाच वर्षं रिकामा बसवला तर तो निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बोटांमधलं ज्ञान जातं. ते कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. नव्या माणसाला तिथवर यायला वर्षं लागतात.

ब्राह्मोसचं उदाहरण याच ज्ञानाचं आहे. अडीच टन वजनाचं हे क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली बसवायचं होतं. मूळ विमान त्यासाठी आखलेलं नव्हतं. ओझरने सांगाडा मजबूत केला, वायरिंग बदललं, आणि २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस घेऊन सुखोई नाशिकच्या आकाशात पहिल्यांदा उडाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरावरून ते प्रत्यक्ष डागलं गेलं, आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला ब्राह्मोसधारी सुखोईंची स्क्वाड्रन उभी राहिली. परवान्याखाली शिकलेल्या हातांनी परवान्याच्या पलीकडचं काम केलं ते इथे.

*

आणि तरीही लाइन थांबली. २२२ सुखोईंची ऑर्डर संपत आली तेव्हा पुढची ऑर्डर हाती नव्हती. आणखी बारा सुखोईंची चर्चा वर्षानुवर्षं चालली; करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये, सुमारे साडेतेरा हजार कोटींचा. ओव्हरहॉलचं काम होतं म्हणून ओझरचा कारखाना चालू राहिला, पण नवं विमान जोडणारी लाइन ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यामागे छोट्या-मोठ्या पुरवठादारांची साखळी असते. एखाद्या वर्कशॉपने सुखोईच्या एका ब्रॅकेटसाठी मशीन घेतलं, कारागीर शिकवला, गुणवत्तेची प्रमाणपत्रं मिळवली, आणि ऑर्डर थांबली, तर ते वर्कशॉप पुढच्या वेळी मोटारीचे पार्ट करत असतं. ते मशीन परत विमानाकडे वळवायला पैसा लागतो आणि त्याहून जास्त विश्वास लागतो.

स्क्वाड्रन ४२ वरून घसरत असताना देशातली सगळ्यात अनुभवी लाइन नव्या ऑर्डरची वाट पाहत होती. मला यात कोणा एका सरकारचा किंवा पक्षाचा दोष दिसत नाही. सगळ्यांच्या काळात हे झालं आहे. १२६ बहुपयोगी विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, २०१२ मध्ये राफेल निवडलं गेलं, २०१५ मध्ये तो सौदा बाजूला पडला आणि २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला. १२६ ची गरज ३६ ने भागली असं कोणी म्हणत नाही.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी एका कमी चमकदार प्रश्नाला हात घातला, त्याची आठवण ठेवायला हवी. ताफ्यातल्या सुखोईंपैकी निम्म्याहून कमी एका वेळी उडण्याजोग्या असत. सुटे भाग नाहीत, म्हणून विमान उभं. धातुशास्त्र शिकलेल्या या गोव्याच्या इंजिनिअरने सुट्या भागांचे करार आणि साठा यांच्यामागे लागून ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास नेलं. अडीचशे विमानांच्या ताफ्यात पंधरा टक्के म्हणजे दोन स्क्वाड्रनांहून अधिक. नवं एकही विमान विकत न घेता मिळालेल्या. तेजसची सुधारित मार्क १-ए आवृत्ती घेण्याचा विचारही त्यांच्याच काळात पक्का झाला.

मराठवाड्याचा एक माणूसही या गोष्टीच्या मध्यभागी होता. नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२४ हवाई दलप्रमुख होते. मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई, या सगळ्यांवर बसलेला वैमानिक. म्हणजे ओझरच्या शेडमधून गेलेली विमानं या माणसाने स्वतः उडवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चौधरींनी आणखी ९७ तेजस मार्क १-ए घेण्याची योजना जाहीर केली. करारावर सही झाली २५ सप्टेंबर २०२५ रोजी, मिग-२१ च्या निरोपाच्या आदल्या दिवशी. रक्कम ६२,३७० कोटी. तोपर्यंत चौधरी निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजसचा करार झाला होता, पण अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं एफ-४०४ इंजिन वेळेवर येईना. त्या ऑर्डरमधलं पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५ मध्ये. चौधरींनंतरचे प्रमुख ए. पी. सिंग यांनी एरो इंडिया प्रदर्शनात एचएएलच्या अधिकाऱ्यांसमोर आपली नाराजी उघड बोलून दाखवली.

इंजिनाची ही दुखरी नस नवी नाही. जर्मन संरचनाकार कुर्ट टँक यांनी बंगळुरूला आखलेलं एचएफ-२४ मरुत १९६१ मध्ये उडालं. आशियातल्या पहिल्या स्वदेशी जेट लढाऊ विमानांपैकी एक. १४७ बांधली. त्याला साजेसं ताकदीचं इंजिन मिळालं नाही आणि ते विमान आपल्या वेगापर्यंत कधी पोचलंच नाही. तेजससाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, २००८ मध्ये तेजसपासून वेगळा केला गेला. दुसऱ्याच्या इंजिनावर आपलं वेळापत्रक चालतं, तोवर ओझरची लाइन कितीही कुशल असली तरी तिच्या चाव्या दुसऱ्याच्या खिशात असतात.

*

समोरची बाजू या काळात थांबली नव्हती. पाकिस्तानने मार्च २०२२ मध्ये चिनी जे-१०सी ताफ्यात घेतलं, त्यासोबत दूर पल्ल्याचं पीएल-१५ क्षेपणास्त्र. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या चार दिवसांच्या संघर्षात हे सगळं प्रत्यक्ष वापरलं गेलं. पीएल-१५ चे अवशेष पंजाबात होशियारपूरजवळ सापडले. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी भारतानेही विमानं गमावल्याचं मान्य केलं, संख्या सांगितली नाही, आणि चूक शोधून दोनच दिवसांत आपण पुन्हा उडालो हे महत्त्वाचं, असं म्हटलं. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुखांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं. आकड्यांचा वाद चालू राहील. त्या चार दिवसांतून एक गोष्ट मात्र सगळ्या जगाने उचलली. दोन्ही बाजूंची विमानं आपापल्या हद्दीत राहून, एकमेकांना डोळ्यांनी न पाहता लढली. अशा लढाईत विमानाच्या वेगाइतकंच रडार किती दूर पाहतं, क्षेपणास्त्र किती दूर जातं आणि जमिनीवरचं रडार, हवेतलं टेहळणी विमान आणि वैमानिक यांच्यात माहिती किती लवकर फिरते, हे निर्णायक ठरतं.

चीनची गोष्ट तर आणखी पुढची. रडारला सहज न दिसणारं जे-२० त्यांनी २०१७ च्या सुमारास सेवेत आणलं आणि दोनशेहून अधिक बांधली असावीत असे अंदाज आहेत. २६ डिसेंबर २०२४ ला त्यांची शेपटी नसलेली दोन नवी विमानं दिवसाढवळ्या आकाशात दिसली. आपलं पाचव्या पिढीचं विमान, आमका, त्याच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, पंधरा हजार कोटींची.

म्हणूनच सुखोईचं आधुनिकीकरण हा आजचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पहिल्या टप्प्यात ८४ सुखोईंमध्ये नवं भारतीय रडार, नवी मोहीम-संगणक प्रणाली आणि नवी युद्ध-इलेक्ट्रॉनिक्स बसवण्याच्या योजनेला नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. खर्चाचा अंदाज साठ हजार कोटींच्या वर. अस्त्र हे आपलं स्वतःचं दूर पल्ल्याचं क्षेपणास्त्र सुखोईवर आधीच बसलं आहे. सांगाडे चांगले आहेत, ओझरला ते माहीत आहेत. आता इथे मंजुरी ते काम हा काळ किती लागतो, त्यावर पुढची पंधरा वर्षं ठरतील.

*

बीडमध्ये कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: दसरा सरला की कोयते घेऊन निम्मा जिल्हा ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, आणि तुम्ही साठ हजार कोटींच्या विमानांच्या गोष्टी सांगता? हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की विमान घ्यावंच लागणार आहे. उशीर केला तर तेच विमान महाग पडतं, जशी साडेतीनशे कोटींची रेल्वे चार हजार आठशे कोटींना पडली. उशिराचे जादा पैसे शेवटी पाण्याच्या आणि शाळांच्या वाट्यातूनच जातात.

आणि दुसरं. सैन्य या जिल्ह्याला परकं नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि मग ऑलिंपिकच्या ट्रॅकवर धावला. पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं पाटोद्याच्या, केजच्या, माजलगावच्या रस्त्यांवर आजही दिसतात. अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी शेजारी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. पण या पोरांना हवाई दल म्हणजे वैमानिक एवढंच माहीत असतं, आणि वैमानिक होणं आपल्या घरच्याला परवडणार नाही असं धरून ती पुढे जातात. विमान उडतं ते फिटरच्या, वेल्डरच्या, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या जिवावर. हे ट्रेड आयटीआयमध्ये शिकवले जातात. एचएएल नाशिकला शिकाऊ उमेदवारांची भरती नियमित होते. अंबाजोगाईला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जिल्ह्याच्या कौशल्य विभागाने आयटीआयच्या प्राचार्यांना घेऊन ओझरला जावं, कोणत्या ट्रेडची किती माणसं पुढच्या दहा वर्षांत लागणार ते विचारावं आणि त्याप्रमाणे जागा, यंत्रं आणि शिक्षक मागावेत. याला कायदा लागत नाही, एक पत्र आणि एक बैठक लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांचा मुलगा सुखोईच्या पंखातली चीर शोधून त्यावर सही करतो, ही मला अशक्य गोष्ट वाटत नाही.

कारण ओझरला पुन्हा काम आलं आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तिथे तेजस मार्क १-ए ची तिसरी लाइन सुरू केली आणि ओझरला बांधलेलं पहिलं तेजस त्याच दिवशी आकाशात गेलं. जिथे सुखोईचे अवजड सांगाडे बसत, तिथे आता सव्वातेरा मीटरचं, बरंचसं कार्बन कंपोझिटचं छोटं विमान जोडलं जातं. धातूवर वाढलेल्या हातांना हे नवं साहित्य शिकावं लागणार आहे. ओझरची लाइन वर्षाला आठ तेजस देईल आणि बंगळुरूच्या दोन लाइन धरून वर्षाला चोवीस, असा हिशेब आहे.

८३ आणि ९७ मिळून १८० तेजस. तिन्ही लाइन पूर्ण क्षमतेने चालल्या, इंजिनं वेळेवर आली, तरी साडेसात वर्षं. करारानुसार शेवटचं तेजस २०३३-३४ च्या सुमारास मिळायचं आहे. त्या वर्षी ओझरने बांधलेली पहिली सुखोई तिशीत पोचलेली असेल आणि जग्वार विमानं निरोपाच्या उंबरठ्यावर असतील. सुखोईच्या आधुनिकीकरणाचा अंतिम करार, कोरापुटची नवी इंजिनं, कंपोझिटची कामं करणारे पुरवठादार आणि त्यांच्या मशीनवर उभी राहणारी तरुण माणसं, या सगळ्यांची तयारी तेजसची ऑर्डर संपण्याच्या आधी व्हायला हवी, कारण १८० वं विमान ओझरच्या किंवा बंगळुरूच्या शेडबाहेर पडेल त्याच दिवशी १८१ व्याचा सांगाडा जिगवर चढलेला असला पाहिजे.